जुनी मोटार घेताना

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर चहा होतो, तेव्हा अलीकडे एक विषय हमखास निघतो. कोणाच्या तरी मुलाने गाडी घेतलेली असते, कोणाच्या जावयाने घेतलेली असते, आणि चार महिन्यांत त्यातला एखादा पस्तावलेला असतो. नवी गाडी घेण्याइतकी ऐपत आपल्या बहुतेक घरांत नाही, म्हणून जुनी घ्यायची. आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आपला माणूस शिरतो तो लग्नाच्या बस्त्याला जावे तसा, सगळ्यांनी मिळून रंग पसंत करायला. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर आम्हीही याच वाटेने गेलो. पाच गाड्या पाहिल्या, एक घेतली. त्यात जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गाडी ही चैन की गरज, यावर घरात आधी आठ दिवस वाद झाला. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. कल्याण स्टेशनचा जिना तिला आता चढवत नाही. महिन्यातून दोनदा दवाखाना, आणि वर्षातून तीन-चार वेळा गावी जाणे. गाव सातारा जिल्ह्यात, मसूरच्या बाजूला. मसूर हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले, ते याच स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर एकही गाडीवाला त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, पण बैल या मुलांनीच हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, हाकायला न येणारा माणूस पुढे बसला, आणि पुलाजवळ अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला.

हे आठवते म्हणूनच आपल्या माणसाच्या दारात स्वतःचे वाहन उभे राहिले की छाती भरून येते. त्यात वावगे काही नाही. पण छाती भरून आली की डोळे मिटतात, आणि विकणाऱ्याला तेच हवे असते.

आम्ही आधी वही घेऊन बसलो. भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितले आहे की मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. गाडी पहिल्या भागात बसते. चौथ्या भागाला हात लावायचा नाही, म्हणजे आईच्या औषधपाण्यासाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली पावती मोडायची नाही, हे पत्नीने पहिल्याच दिवशी बजावले. हाताशी १ लाख ७० हजार होते. पतपेढीतून ६० हजार दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला २,८०० च्या आसपास हप्ता बसत होता. एवढा झेपणारा होता. म्हणजे सगळे मिळून २ लाख ३० हजार. त्यातले ३० हजार आम्ही बाजूला काढून ठेवले आणि गाडीची किंमत २ लाखांच्या वर जाऊ द्यायची नाही असे ठरवले. जुनी गाडी घरी आली की महिन्याभरात टायर, बॅटरी, ऑइल, विमा आणि नावावर करण्याचा खर्च दत्त म्हणून उभा राहतो. ज्यांनी सगळा पैसा किमतीतच घातलेला असतो, त्यांची गाडी मग महिनोन्‌महिने इमारतीखाली धूळ खाते.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ज्यांच्या घरी महिन्यातून एखाद-दुसरीच खेप असते, त्यांनी रिक्षा आणि भाड्याची गाडी यांचा वर्षाचा खर्च एकदा मांडून पाहावा. महिन्याला ३०० किलोमीटर चालणाऱ्या छोट्या गाडीला नुसते पेट्रोलच दोन हजारांच्या घरात लागते, त्यावर विमा आणि दुरुस्ती. आमचा हिशेब जेमतेम गाडीच्या बाजूने झुकला, तोही आईच्या गुडघ्यांमुळे.

गाड्या पाहायला आम्ही विहारातल्या तात्यांना बरोबर घेतले. तात्यांचा जन्म एस.टी.च्या कार्यशाळेत गेला. त्यांनी फी म्हणून काही घेतले नाही, पण दोन अटी घातल्या. संध्याकाळी दिव्याखाली किंवा पावसात गाडी पाहायची नाही. आणि विकणाऱ्याला आधी फोन करून सांगायचे की इंजिन चालू करून ठेवू नका. "गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं," असे ते म्हणाले.

पहिली गाडी उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडे. चार दरवाजांची, मागे वेगळी डिकी असलेली मोठी गाडी, २०१२ सालची, किंमत १ लाख ७५ हजार. काचेसारखी चमकत होती. मुलगा तर तिच्याभोवतीच घुटमळत राहिला. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. तात्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पाहिले. ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, स्टेअरिंगचा वरचा भाग तळहाताने घासून चकाकत होता. दरवाजाच्या कडेला ऑइल बदलल्याची एक जुनी चिठ्ठी अर्धवट खरवडलेली होती, त्यावर १ लाख ४ हजारांचा आकडा वाचता येत होता. मीटर मागे फिरवलेला. व्यापारी हसून म्हणाला, मीटर बदलला असेल साहेब.

पण खरी मेख कागदात होती. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपणार. मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्याची फी २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० वर नेली गेली, शिवाय पर्यावरण कर वेगळा, आणि तपासणीत पास व्हायला जे दुरुस्त करावे लागेल ते वेगळेच. गाडी जितकी मोठी तितके तिचे सुटे भाग महाग. मोठी गाडी स्वस्तात मिळते याचे कारणच हे, की घेणाऱ्याला ती पोसवत नाही.

त्या व्यापाऱ्याकडे कर्ज देणारा माणूसही टेबल टाकून बसला होता. "फक्त १० टक्के" व्याज म्हणाला. आम्ही विचारले, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? तो जरा थांबला. २ लाख रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅटने घेतले तर ६० हजार व्याज होते आणि महिन्याचा हप्ता ७,२०० च्या पुढे जातो. मुद्दल दर महिन्याला फेडत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २ लाखांवर. घटत्या शिलकीने मोजले तर हाच दर १८ टक्क्यांच्या जवळ येतो. बँकेचा माणूस १४ टक्के सांगतो म्हणून त्याला नावे ठेवून आपण या १० टक्क्यांकडे धावतो. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात कोणाचे ऋण नसण्याचे सुख एक आहे. ज्याच्या मागे हप्ते लागलेत त्याला त्या सुखाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गाडी बदलापूरला. २०१५ ची छोटी गाडी, १ लाख ४० हजार फक्त. इतकी स्वस्त की आम्ही बयाणा द्यायलाच निघालो होतो. दार उघडताच अत्तराचा भपका आला. तात्यांनी मागच्या सीटचा पट्टा ओढला. आपण ओढतो तेवढाच नव्हे, तर शेवटच्या टोकापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग डिकीतली स्टेपनी उचलली, खाली बोटाला बारीक गाळ लागला. सीटखालच्या स्क्रूंना गंज. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते सर्वांना आठवत असेल. त्या पाण्यात कितीतरी गाड्याही होत्या. त्याच वर्षी सांगली-कोल्हापूरला पूर आला, २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सीटकव्हर बदलून विकता येते. पण तिच्या वायरिंगमध्ये पाणी गेलेले असते. आज काच खाली होत नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा घाटात इंजिन बंद. विकणारा गृहस्थ वाईट वाटला नाही. कदाचित त्यालाही कोणी तशीच गळ्यात मारली असेल.

तिसरी वॅगन आर, सी.एन.जी.वर चालणारी. गॅस स्वस्त म्हणून पत्नीचा ओढा तिकडे होता. परंतु किट बाहेरून बसवलेले आणि आर.सी.वर त्याची नोंदच नाही. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, त्या पट्टीवरची तारीखही उलटून गेलेली. नोंद नसलेल्या किटच्या गाडीला काही झाले तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. शिवाय टाकीने डिकी भरलेली. आईची व्हीलचेअर ठेवायची कोठे? सी.एन.जी. वाईट असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे रोज ४०-५० किलोमीटर चालणे आहे त्याने जरूर घ्यावी, पण नोंद आणि चाचणीचा कागद पाहून.

राहिल्या दोन, आणि दोन्ही चांगल्या. येथे खरा पेच पडला.

एक अल्टो ८००, २०१६ ची, एका शिक्षकांची. मागणी १ लाख ९५ हजार. दुसरी पेट्रोलवरची वॅगन आर, २०१४ ची, रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांची. मागणी २ लाख ५ हजार. दोन्ही पहिल्याच मालकाच्या हातातल्या. अल्टो दोन वर्षांनी नवी, रंग चांगला, पेट्रोल कमी पिणारी. वॅगन आरच्या डाव्या दाराला लांब ओरखडा आणि छताचा रंग उडालेला. मुलाने तिच्याकडे पाहून तोंड वाकडे केले.

तात्यांनी दोन्ही तपासल्या. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरपाशी उभे राहिले. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खाते, काळा आला तर पेट्रोल नीट जळत नाही, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर इंजिनात पाणी उतरते आहे असे समजावे. ऑइलचे झाकण उघडून आत साईसारखा पांढरा थर नाही ना ते पाहिले. बाहेरच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवले. जेथे लांबी जाड भरलेली असते तेथे चुंबक धरत नाही. पायाखालची चटई उचलून गंज पाहिला, आपल्या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात हे विसरू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. अल्टोचे चारही टायर सात वर्षांपूर्वीचे निघाले, नक्षी शाबूत होती तरी रबर कडक झालेले. वॅगन आरचे मागचे दोन नवे होते, पुढचे बदलायला आलेले.

शिक्षकांकडे सर्व्हिसची बिले नव्हती, ओळखीच्या मेकॅनिककडे करत असत. अल्टोच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तो ठराविक अंतराने बदलावा लागतो आणि चालत्या गाडीत तुटला तर मोठा खर्च उभा करतो. तो कधी बदलला हे त्यांना आठवेना. वॅगन आरच्या त्या ९९८ सीसी इंजिनात बेल्टऐवजी साखळी असते. आणि रेल्वेवाल्या काकांकडे एक फाइल होती. दहा वर्षांची सगळी बिले, तारखेनुसार लावलेली, पेट्रोल पंपावरच्या पी.यू.सी.च्या चिठ्ठ्यांसकट. मीटर ६१ हजार दाखवत होता आणि बिलांवरचे आकडे त्याला धरून चढत गेलेले. अशी फाइल ठेवणाऱ्या माणसाची गाडी डोळे झाकून घ्यावी असे नाही, पण तात्यांनी फाइल पाहिली आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

तरी आमचे मन अल्टोकडे होते. ती नवी, आणि रंग चांगला. पुढच्या रविवारी आईला बरोबर नेले. अल्टोत ती बसली, पण उतरताना दोघांनी हात धरून ओढावे लागले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अरे, आता मला हितंच ऱ्हाऊ द्या." वॅगन आरची सीट उंच. आई दार उघडून स्वतः टेकली, पाय आत घेतले, आणि तशीच बाहेरही आली. शिवाय गावी जाताना पाच माणसे, सामान, आणि वाटेत खंडाळा आणि खंबाटकीचा घाट. अल्टोचे इंजिन ७९६ सीसी; घाटात एवढ्या ओझ्याने ते चढते, पण घाम गाळत. ज्यांचे चौघांचे कुटुंब आहे आणि फिरणे गावातल्या गावात आहे, त्यांना आम्ही आजही अल्टोच सुचवू. बेल्ट आणि टायरचे पैसे किमतीतून वजा करून. आम्ही वॅगन आर घेतली. ओरखडा, पुढचे टायर आणि जुनी बॅटरी दाखवून १ लाख ८६ हजारांवर सौदा ठरला. काकांनी फार ओढाताण केली नाही, आम्हीही केली नाही.

दोन्ही गाड्यांत एअरबॅग नव्हती. ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. आमच्या पैशांत त्यानंतरची गाडी बसत नव्हती. तेव्हा मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, असा घरात दंडक केला आहे. आई कुरकुरते, पण लावते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. तात्यांनी पेट्रोलच्या रबरी नळ्या मधूनमधून पाहायला सांगितल्या आहेत.

आता कागदांविषयी थोडे सविस्तर, कारण आपली माणसे फसतात ती इंजिनापेक्षा येथे जास्त. आर.सी.वरचे नाव आणि समोर पैसे घेणारा माणूस एकच आहे का, ते आधी पाहावे. व्यापारी सही केलेले कोरे फॉर्म दाखवतो आणि म्हणतो, नाव सावकाश करू. मध्ये तीन मालक होऊन गेलेले असतात आणि आर.सी. पहिल्याच्याच नावावर. आम्ही येथे विकणाऱ्यांनाही सावध करतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याची, मग त्याने गाडी कधीच विकलेली का असेना. तेथे गाडी एकामागून एक हातांतून गेली होती आणि भुर्दंड पडला तो कागदावरच्या मालकावर. आपल्यातल्या कितीतरी जणांनी मोटारसायकली अशाच विकल्या आहेत, त्यांनी आजच उठून चौकशी करावी.

फॉर्म २९ विकणाऱ्याने द्यायचा, फॉर्म ३० दोघांचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायचे. गाडीवर कर्ज असेल तर आर.सी.वर बँकेचे नाव दिसते. ते फेडल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेले दंड परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर घालून मुलेसुद्धा दोन मिनिटांत पाहून देतात. परराज्याच्या पाटीची गाडी, विशेषतः दिल्लीकडची, स्वस्त दिसते. पण ना हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर भरेपर्यंत स्वस्ताई उडून जाते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना अडचण येते. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २०२२ च्या दराने २,०९४ रुपये आणि त्यावर जी.एस.टी. आमची गाडी ९९८ सीसीची, म्हणून दोन सीसींनी वाचलो. आम्ही मात्र पूर्ण विमा घेतला.

पैसे आम्ही बँकेतून काकांच्या खात्यात भरले, रोख काही दिले नाही. गाडी पत्नीच्या नावावर केली, कारण हाताशी असलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त तिच्या बचत गटातले होते. बाजूला काढलेल्या ३० हजारांतले २७ हजार दोन महिन्यांत गेले. पुढचे टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक, विमा, आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट, जी २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना लावून घ्यावी लागते. दाराचा ओरखडा तसाच आहे. तो काढायला सहा हजार सांगतात.

आर.सी. पोस्टाने आली त्या दिवशी आईने ते कार्ड हातात घेऊन सुनेचे नाव दोनदा वाचले आणि मुलीला विचारले, गावाला कधी जायचं. पहिल्याच खेपेला वाटेत मसूर स्टेशनपाशी थांबलो. आईला खाली उतरायचे होते. ती स्वतःच उतरली.